दादर टीटीला उतरणाऱ्यांसाठी

मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीचा पुरेपूर लाभ घ्यायचा असेल, तर आपण सर्वप्रथम ट्रामने जाण्याची सवय लावून घ्यावी. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि तेव्हापासून या सेवेबद्दल एकाही प्रवाशाने कुरकूर केलेली नाही. तिला गर्दी नसते, ती खोळंबत नाही आणि तिचे भाडेही वाढत नाही. दादर टीटीतला पहिला टी ट्रामचा आहे आणि ट्रामचे रूळ जाऊन साठ वर्षे उलटली तरी लोक तिथेच उतरतात, यावरून या सेवेची लोकप्रियता आपल्या ध्यानात यावी.

ट्राम पसंत नसल्यास लोकल आहे. हिच्यात बसायला जागा हवी असेल, तर घरी लवकर पोहोचण्याचा हट्ट सोडून आधी घराच्या उलट दिशेने जावे. संध्याकाळी दादरहून विरारला निघालेल्या जाणत्या माणसाने चर्चगेटकडची गाडी पकडावी, तिथे न उतरता जागा धरून ठेवावी आणि अर्ध्यापाऊण तासाने पुन्हा दादरवरूनच, चढण्यासाठी झुंजणाऱ्यांकडे करुणेने पाहत, पुढे जावे. मध्य रेल्वेवर तीन जणांच्या बाकावर चौथी सीटही मिळते. तिच्यावर देहाचा निम्माच भाग टेकत असला, तरी पास पूर्ण देहाचा काढावा.

दादरला पूर्वी पश्चिम आणि मध्य रेल्वेचे वेगवेगळे एक नंबर फलाट होते आणि ‘एक नंबरवर भेटू’ असे ठरवून दोघे दोन ठिकाणी वाट पाहत उभे राहत. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ हे क्रमांक देऊन प्रशासनाने ही सोय काढून घेतली. (चुकामुकीचे खापर आता फोडायचे कोणावर, हा प्रश्न मात्र अनुत्तरित आहे.)

मे २०२५ पासून दादरला भुयारी मेट्रोही आली आहे. बस, लोकल आणि मेट्रो यांनी आपापली वेळापत्रके एकमेकींना विचारून ठरवावीत, असला आग्रह आपण धरू नये, कारण त्यांना जोडण्याचे काम आपल्या पायांकडे सोपवलेले आहे. पुलावर पुढच्या माणसाच्या पाठीवरची बॅग आपल्या छातीशी, आणि मागच्याची छत्री आपल्या बरगडीत, अशा स्थितीत पश्चिमेला उतरावे, झेंडूच्या पाट्या आणि ओल्या पानांचा चिखल चुकवत फुलबाजारातून वाट काढावी आणि मग सरकत्या जिन्याने वातानुकूलित पाताळात शिरावे. तिथली थंड शांतता पाहून आपण परदेशात आलो, असे वाटल्यास घाम पुसावा.

राहता राहिली बस. किमान भाडे ५ रुपयांचे १० रुपये झाले ते मे २०२५ मध्येच, तेव्हा वाट पाहण्याचे मूल्यही दुप्पट झाले असे मानून समाधानी राहावे. थांब्यावर मात्र चुकूनही उभे राहू नये. बस थांब्याच्या वीस पावले पुढे किंवा मागे थांबते. म्हणून चालकाच्या चेहऱ्यावरून त्याचा बेत ओळखून आधीच धावत सुटावे. पाऊण तासाने एकाच क्रमांकाच्या तीन बसगाड्या पाठोपाठ आल्या, तर पहिलीच्या दाराला लोंबकळावे आणि मागच्या दोन रिकाम्या जाताना पाहाव्यात.

एवढे करूनही घरी पोहोचायला रात्र झाली आणि कोणी कारण विचारलेच, तर ट्राम मिळाली नाही, असे सांगावे.