‘३३ हजारांत रायझन ५ मिळतोय की ओ!’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण त्यातले प्रश्न खरे आहेत, म्हणून उत्तर दोन ओळींत उरकत नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मुलीला इथेच, सोलापुरात, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचाय. लॅपटॉप-खरेदीवरच्या माझ्या लेखातलं, रॅमबद्दलचं (चालू कामासाठी लागणारी तात्पुरती मेमरी) ‘१६ जीबीच्या खाली जाऊ नका’ हे पुण्या-मुंबईच्या पगारावर बेतलेलं आहे, असा तुमचा आक्षेप. नवी पेठेत ३३ हजारांत नवाकोरा ‘रायझन ५, ७००० सिरीज, ८ जीबी’ मिळतोय, मग जास्त का घालवायचे? पुतण्या म्हणतो इंजिनिअरिंगला गेमिंग लॅपटॉपच पाहिजे. आणि कंपन्यांचे वापरलेले लॅपटॉप २२ हजारांत मिळतात, त्यावर लेखात अवाक्षर नाही.

आधी तो रायझन ५, म्हणजे एएमडी कंपनीचा प्रोसेसर. दुकानदार खोटं बोलत नाही, पण ‘रायझन ५’ एवढ्यावर काही ठरत नाही. पूर्ण नंबर विचारा. या भावात तो बहुतेक वेळा ७५२०यू असतो. एएमडीच्या या चार आकड्यांत पहिला आकडा मालिकेचं साल सांगतो, ७ म्हणजे २०२३. आतली रचना किती जुनी, ते तिसऱ्या आकड्यात असतं. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, जी पहिल्यांदा २०१९ मध्ये आली. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३. खोक्यावर दोन्ही ‘रायझन ५, ७००० सिरीज’च दिसतात, पण पहिल्यात ४ कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), दुसऱ्यात ६, आणि पहिल्यातलं ग्राफिक्स अगदीच नावापुरतं. दोन्ही मशीन शेजारी ठेवून ‘सेमच आहे सर’ म्हणणारे विक्रेते सगळीकडे भेटतात.

पण मला त्याहून खटकते ती रॅम. ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ रॅम घेतो आणि ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. म्हणजे आज ८ जीबी घेतली तर चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टलाही ८ जीबीच. नंतर पैसे हातात आले तरी घालायला जागा नाही.

कमी बजेटमध्ये मी हेच बघतो : जे नंतर बदलता येतं त्यात आज काटकसर करा, जे बदलता येत नाही त्यात नको. फाइली साठवणारी एसएसडी २५६ जीबीची असली तरी चालेल, एनव्हीएमई असेल तर पुढे मोठी बसवता येते. (फक्त एसएसडीऐवजी ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी ही साठवण नको. तीही सोल्डर केलेली असते, आणि विंडोजच्या एका मोठ्या अपडेटला जागा करताना नाकी नऊ येतात.) बॅग, माऊस, अँटिव्हायरस यांवर एक रुपयाही नको, विंडोजमधला डिफेंडर पुरतो. प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्ड आणि रॅमचा स्लॉट मात्र पहिल्या दिवशी जसे येतात तसेच राहतात.

८ जीबीत काम ‘होत नाही’ असं नाही, कुठे अडतं ते सांगतो. पहिली दोन वर्षं सी, पायथन, जावा, मायएसक्यूएल, वेबची पानं : ८ जीबीत सगळं निभतं. पण विंडोज ११ नुसतं सुरू करून ठेवलं तरी साडेतीन-चार जीबी अडवतं, थोडी ग्राफिक्ससाठी बाजूला निघते. उरलेल्यात तिसऱ्या वर्षाला मोबाईल ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ येतो. तो दोनेक जीबी घेतो, ॲप जुळवून तयार करणारं ग्रेडल दीड-दोन, पडद्यावर नकली फोन चालवणारा एम्युलेटर अजून दोन, वर क्रोममध्ये दहा टॅब. रॅम संपली की विंडोज एसएसडीवर जागा घेऊन ढकलाढकली करतं आणि कर्सर अडकतो. मुलं म्हणतात ‘प्रोसेसर स्लो आहे’. प्रोसेसर तर तेव्हा हातावर हात ठेवून बसलेला असतो. ८ जीबीवरच काम करायची वेळ आली तर एम्युलेटर उघडायचाच नाही. स्वतःचा फोन केबलने जोडून यूएसबी डीबगिंग चालू करायचं आणि ॲप थेट फोनवर चालवायचं. निम्मा त्रास तिथेच मिटतो.

मग ३३-३८ हजारांत काय बघायचं? इंटेलचा आय३ १२१५यू किंवा नव्या नावाने येणारा कोअर ३ १००यू. दोन्हींत दोन मोठे आणि चार छोटे कोअर आहेत, पदवीच्या अभ्यासाला पुरेसे. बजेट थोडं ताणलं तर आय५ १२३५यू, १३३५यू किंवा रायझनचा ७५३०यू. अट एकच, किमान एक रॅम स्लॉट मोकळा किंवा बदलता येण्यासारखा हवा. हे दुकानातच कळतं. डेमो मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर ‘२ पैकी १’ असेल तर उत्तम. ‘फॉर्म फॅक्टर’ समोर ‘सोडिम’ असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती सोल्डर केलेली. काही मॉडेलांत थोडी सोल्डर केलेली आणि वर एक स्लॉट असं असतं, तेही चालेल.

दुसरी पट्टी घालण्याचा आणखी एक फायदा क्वचितच कुणी सांगतं. आय५ १२३५यू मध्ये एकच पट्टी असेल तर ग्राफिक्सचं नाव ‘यूएचडी’ दिसतं. तशीच दुसरी पट्टी घातली की तेच ग्राफिक्स ‘आयरिस एक्सई’ म्हणून दिसायला लागतं आणि वेगही वाढतो, कारण या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. पट्टी घेताना डीडीआर४ आणि डीडीआर५ ची गल्लत करू नका, खाचेची जागा वेगळी असते, बसणारच नाही.

‘आत्ता ८ घेतो, पुढच्या वर्षी ८ घालतो’ हा बेत एरवी शहाणपणाचा, पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत. म्हणून दुकानात दोन आकडे विचारा : त्याच मॉडेलच्या ८ आणि १६ जीबीच्या किमतीतला फरक, आणि ८ जीबीची पट्टी आज केवढ्याला. फरक पट्टीच्या किमतीएवढा किंवा कमी असेल तर १६ चंच घ्या.

आता वापरलेले लॅपटॉप. मूळ लेख नव्या मशीनपुरता होता, पण तुमच्या बजेटला हा रस्ता खरंच चांगला आहे, डोळे उघडे ठेवले तर. मॉडेलच्या नावावर जाऊ नका, प्रोसेसरच्या नंबरावर जा. इंटेलच्या आय५ ७३००यू मध्ये २ कोअर आहेत, ८३५०यू मध्ये ४. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलची, मोजके अपवाद सोडले तर, आठवी पिढी किंवा त्यापुढचीच अधिकृतपणे चालते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ‘सातव्या पिढीवरपण ११ टाकून देतो’ असं कुणी म्हणेल. टाकता येतं, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. चार वर्षं काढायची म्हणून मी आठव्या पिढीवरही थांबणार नाही. अकराव्या पिढीचा आय५ ११३५जी७ शोधा. डेलच्या लॅटिट्यूड ५४२० सारख्या ऑफिसच्या मशीनमध्ये दोन रॅम स्लॉट असतात. १६ जीबीसह ते तुमच्या नव्या ३३ हजारवाल्यापेक्षा स्वस्त मिळत असेल, तर मी तेच घेईन.

पैसे देण्याआधी दुकानातच तासभर बसा. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारी मशीनची मूळ सेटिंग, उघडा. मशीन चालू होताना दाबायची बटणं : लेनोवोला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो माहीत नसेल तर तिथूनच परत फिरा. मग ‘रीसेट धिस पीसी’ करून सगळं पुसायला लावा, आणि सुरुवातीच्या सेटअपमध्ये वायफाय नक्की जोडा. हा भाग महत्त्वाचा. ऑफिसची बरीच मशीन कंपनीच्या नावाने ऑटोपायलट या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन यंत्रणेत नोंदवलेली असतात. इंटरनेट नसताना ती निमूट सुरू होतात. इंटरनेट मिळालं की पडद्यावर कुठल्या तरी कंपनीचं नाव आणि त्यांच्याच ईमेलचं लॉगिन मागतात. दुकानदाराने वायफाय न जोडता सेटअप केलेलं असेल तर आज काहीच कळत नाही, पुढे पहिल्यांदा रीसेट करायची वेळ आली की मशीन अडून बसतं. मूळ कंपनीने नोंद काढल्याशिवाय ते नीट सुटत नाही.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं रोमन लिपीत टाइप करा. एक फाइल तयार होते. तीत ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे बघा. ४२,००० आणि २९,००० असे आले तर बॅटरी साधारण ७० टक्के उरली. साठच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून मागा. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये दिसते. सिरियल नंबरसह पक्कं बिल आणि दुकानाची निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी. एवढं द्यायला का-कू करणाऱ्याकडून घेऊ नका.

पुतण्याच्या गेमिंग लॅपटॉपबद्दल फार लिहीत नाही. कॉम्प्युटर शाखेला तो लागत नाही. सव्वादोन-अडीच किलोचं धूड, वर जड ॲडॉप्टर, आणि बॅटरी दोन लेक्चरांत मान टाकते. मशीन लर्निंगची आवड लागलीच तर गुगल कोलॅबवर इंटरनेटवरून वापरायला मोफत जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) मिळतो, शिकण्यापुरता पुरतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड खरंच लागतं ते आर्किटेक्चरला, ल्युमियन किंवा एनस्केप चालवायला. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्सचे सुटे पार्ट साध्या ग्राफिक्सवर, १६ जीबीत निघतात. मोठी असेंब्ली असेल तर गोष्ट वेगळी. उलट कॉमर्सवाल्यांनी १६ जीबीचाही हट्ट सोडावा. एक्सेल आणि टॅलीला ८ भरपूर. टॅलीचा एज्युकेशनल मोडही फुकट आहे, फक्त त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात.

सोलापूरचं म्हणून एक वेगळं सांगायला हवं, ते उन्हाचं. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. त्यात मुलं पलंगावर, चादरीवर लॅपटॉप ठेवून बसतात. हवा आत घेणाऱ्या जाळ्या तळाला असतात, आणि आपली जाड सोलापुरी चादर त्या पार बुजवून टाकते. टणक पाटावर ठेवा, मागची कड इंचभर उचला, जाळ्या मोकळ्या ठेवा. घर पूर्व भागात, मागाच्या कारखान्याजवळ असेल तर कापसाचा तूस पंख्यातून जाऊन आतल्या पातळ पट्ट्यांवर नमद्यासारखा बसतो. पंख्याचा आवाज वाढला आणि कडेने येणारी हवा मंदावली की समजा तो साचलाय. वर्षातून एकदा तळ उघडून ब्रशने काढून घ्या. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचा ओलावा बोर्डावर जातो.

जुन्या घरात अर्थिंग नसेल तर चार्जिंग चालू असताना धातूच्या कव्हरला झिणझिण्या येतात. लॅपटॉप बिघडलेला नसतो, ॲडॉप्टरमधून झिरपणाऱ्या किंचित करंटला जमिनीत जायला वाट नसते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसण्याऐवजी वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. स्टॅबिलायझर नको, ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो.

शेवटी घरी नेतानाची गोष्ट. दुकानात ‘सगळं सेट करून देतो’ म्हणतील, त्यांच्या ईमेलवर करू देऊ नका. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. खातं दुकानातल्या पोराचं असेल तर कीही त्याच्याकडे. वर्षा-दोन वर्षांनी बायोस अपडेटनंतर मशीनने की मागितली की सगळी जर्नल्स आत अडकतात. सोबत मिळणारं ऑफिसही ज्या खात्यावर चालू कराल त्यालाच चिकटतं. मुलीच्या स्वतःच्या, कॉलेजचा नसलेल्या ईमेलवर सगळं करा. आणि ऑफिस ‘फुकट टाकून देतो’ म्हणत कुणी डिफेंडर बंद करायला लागला तर त्याचा हात तिथेच थांबवा.

ऑनसाइट वॉरंटी म्हणत असतील तर ती तुमच्या पिनकोडला लागू आहे का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला विचारा. शहरात येतात आणि तालुक्याच्या गावाला ‘मशीन घेऊन या’ म्हणतात, असं होतं.

तुम्ही बघितलेल्या त्या मशीनचा, आणि अजून जे आवडेल त्याचा, खोक्यावरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर इथेच खाली टाका. सिरीजचं नाव नको, एकाच नावाखाली सोल्डरवाली आणि स्लॉटवाली अशी दोन्ही मशीन विकली जातात. नंबर मिळाला की स्लॉट आहे का नाही ते बघून सांगतो.