काटा कुठल्या गल्लीत राहतो?

मार्केट यार्डात मामांची गुळाची अडत आहे. काटा इलेक्ट्रॉनिक, पण हमाल वजन ओरडून सांगणार आणि मामा वहीत लिहिणार. "मागनं वायर जोडायची सोय हाय म्हणं. तू कम्प्युटरमधला न्हवं?" एवढ्यावर माझा रविवार गेला.

काट्याला आरएस-२३२ ची, म्हणजे कम्प्युटरशी जोडायच्या जुन्या सिरियल वायरीची जागा होती. १९६० साली ठरलेली ही पद्धत, म्हणजे मामांच्या वयाची. आता काय, एक यूएसबी कन्व्हर्टर लावायचा! प्रोग्रॅम मी घरी लिनक्सवर लिहून ठेवला होता. दुकानात मात्र विंडोज. म्हटलं, विंडोजमध्ये लिनक्स-युनिक्ससारखी सोय देणारं सिग्विन टाकू, विंडोजच्या वाड्यात युनिक्सचा भाडेकरू.

जोडलेल्या यंत्रांची यादी दाखवणारा विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर म्हणाला, काटा कॉम ३ या पोर्टवर. कॉम पोर्टला युनिक्सकडं टीटीवायएस म्हणतात, म्हणून मी टीटीवायएस ३ उघडायला गेलो, तर असलं काही अस्तित्वातच नाही. दोन कप चहा झाल्यावर उजेड पडला, सिग्विन शून्यापासून मोजतं. कॉम १ म्हणजे टीटीवायएस ०, म्हणून आपला काटा टीटीवायएस २. कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्ल्या नंबरानंच ओळखतात. तिथल्या पहिल्या गल्लीला शून्यावी म्हणणारा पोस्टमन मिळाला तर तिसऱ्या गल्लीतल्यांची पत्रं कुठं जातील? बरं, लिनक्स चालवायची विंडोजचीच सोय म्हणजे डब्ल्यूएसएल, तिची पहिली आवृत्ती कॉम ३ ला सरळ टीटीवायएस ३ म्हणते. दुसरीला तर काटा दिसतच नाही. तिच्यासाठी यूएसबीआयपीडी नावाच्या मध्यस्थाकरवी यूएसबी आत पोचवावी लागते, आणि पोचली की नाव टीटीवाययूएसबी ०. घर एक, पत्ते तीन. (हे तिन्ही मी त्याच दिवशी करून पाहिले. हौस!)

पत्ता सापडला तर म्हणे परवानगी नाही. काटेवाल्याचा टेस्टचा प्रोग्रॅम खाली घड्याळाशेजारी दडून पोर्ट धरून बसला होता. विंडोजमध्ये एकाने पोर्ट धरला की दुसऱ्याला बाहेर उभं राहावं लागतं. त्याला बंद केलं आणि एकदाची पडद्यावर अक्षरं आली. कसली, ते विचारू नका.

मामांनी चष्मा लावला. "मोडी हाय व्हय ही? आज्याच्या वह्या अशाच दिसायच्या."

काटा २४०० च्या वेगानं बोलत होता, मी ९६०० नं ऐकत होतो. एसटीटीवाय या कमांडनं वेग जुळवला आणि २९.८५० असा स्वच्छ आकडा उमटला. काट्यावर तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, होता. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी, तोवर मामा म्हणाले, "दीडशे ग्रॅम कुठं गेलं रं?"

आठवड्यानं फोन. "वजन येईना झालंय."

"कशाला हात लावला का, मामा?"

"न्हाई बा. मोबाईल चार्जिंगला लावाय तुझी ती वायर काढल्ती. परत लावली की, शेजारच्या भोकात."

स्वस्तातल्या कन्व्हर्टरला स्वतःचा क्रमांक नसतो, त्यामुळं भोक बदललं की विंडोज त्याला नवा पाहुणा समजून नवा नंबर देतं. मधले नंबर कधीकाळी लावून काढलेल्या यंत्रांच्या नावावर अजून राखीव. आमचा काटा कॉम ११ वर गेला होता, म्हणजे सिग्विनच्या हिशेबानं टीटीवायएस १०.

मी मामांना गल्लीचं उदाहरण देऊन समजावलं. त्यांना ते फारच पटलं. आता दर दोन-चार दिवसांनी फोन येतो.

"भाच्या, काट्यानं परत घर बदललंय. गल्ली कितवी घालू?"