‘एका वायरसाठी तीन दिवस’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू वाचला. गाडी तीन दिवस आमच्याकडे अडकली, तुमची गैरसोय झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण ‘एक तुटकी वायर जोडायला तीन दिवस लावले आणि नुसतं बघायचे पैसे उकळले’ असं तुम्ही लिहिलंय ते फार लागलं सर, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

वायर जोडणं तासा-दीड तासाचं काम होतं. दिवस गेले ती सापडायला.

तुमची तक्रार होती की ऑटोमॅटिक डिकी खाली येते, टेकते आणि बीप बीप करून परत वर जाते, आणि तेही कधीकधीच. आमच्याकडे गाडी आली तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही बटणाने, रिमोटने, कितीतरी वेळा उघडबंद केली, एकदाही अडकली नाही. जो फॉल्ट समोर दिसतच नाही तो पकडायला वेळ लागतो, ह्याला माझा इलाज नाही. स्कॅनर लावला तर लॉकच्या सर्किटमधल्या बिघाडाचा जुना कोड निघाला. आता कोड म्हणजे ‘लॉक बदला’ असं नसतं सर, सर्किट म्हटलं की त्यात मोटर, कपलर म्हणजे वायर जोडायचा प्लग, अर्थिंग, मधली सगळी वायरिंग, सगळंच आलं. तो कोड बघून कुणीही सरळ नवीन लॉक टाकून मोकळा झाला असता. आणि तसं झालंही होतं, दुसऱ्या एका गॅरेजमध्ये लॉक बदलून झालेलं, पण हे तुम्ही आम्हाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोनवर सांगितलंत. गाडी देतानाच सांगितलं असतंत तर लॉक काढून, टेबलावर थेट बॅटरी देऊन मोटर चेक करायचा वेळ वाचला असता. मी हे दोष द्यायला म्हणत नाही, पण लिहिताना तेवढं तरी लिहायचं होतं.

तुमच्या गाडीत लॉक डिकीच्या दरवाजातच आहे. दरवाजा टेकला की पहिला खटका पडतो, मग आतली छोटी मोटर त्याला ओढून पूर्ण बंद करते. त्या मोटरला करंट जाणारी वायर छतातून दरवाजात जाते, बिजागरीजवळच्या रबरी नळीतून, आणि दर उघडबंदला तिथेच वाकते. आतल्या बारीक तारा एकेक करून तुटत जातात, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसतं. मीटर लावला तर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटरला करंट लागतच नाही, दोन-तीन तारा शिल्लक असल्या तरी त्याचं भागतं. मोटरने ओढायला सुरुवात केली की तेच व्होल्टेज एकदम खाली येतं. म्हणून आम्ही लॉकच्या कपलरला मोटरसारखा करंट ओढणारा मोठा बल्ब लावला आणि नळी हाताने वाकवत राहिलो, दरवाजा जवळजवळ बंद असतानाच्या वाकाला बल्ब मंद झाला, तेव्हा कुठे चोर सापडला.

तुम्ही फोटो टाकलाय ना, ‘गाडी उघडी टाकून ठेवली होती’ म्हणून, ती ट्रिम, म्हणजे आतलं प्लॅस्टिकचं कव्हर, ह्या टेस्टसाठीच काढली होती. गाडी शेडमध्ये होती, स्क्रू, क्लिपा सगळं डब्यात मोजून ठेवलेलं. फोटो काढण्याआधी एकदा आत येऊन विचारायचं होतं सर, मी तिथेच होतो.

आणि ‘एक’ वायर नव्हती. नळी सोलल्यावर शेजारच्या वायरींचंही प्लॅस्टिक तडकलेलं दिसलं, त्याही केल्या, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, बिल बघा. जोड आम्ही वाकाच्या बाहेर घेतले आणि मधे नवीन मऊ वायर टाकली, कारण नेमक्या वाकात डाग दिला की तो भाग कडक होतो आणि तिथेच परत तुटतो. मग कोड काढून, दरवाजा रिसेट करूनच गाडी दिली.

बघायचे पैसे म्हणाल तर ते ह्याच कामाचे होते. नवीन पार्ट एकही टाकला नाही म्हणून बिलात दाखवायला काही नाही, एवढाच माझा गुन्हा. आमचं छोटं गॅरेज आहे, नवीन गिऱ्हाईक हे रिव्ह्यू वाचूनच येतं, ‘लुटारू’ हा शब्द तिथे कायमचा राहतो. पोरं रात्री उशिरापर्यंत थांबली होती सर, त्यांनीही वाचलाय तो.

तपासणीचे पैसे आधीच नीट सांगायचं आणि मधे फोन करून कळवत राहायचं, हे यापुढे जास्त काटेकोरपणे बघू.

डिकी आता व्यवस्थित चालतेय असं तुम्हीच लिहिलंय. परत कधी बीप आला तर गाडी घेऊन या, ह्या कामाचे परत पैसे घेणार नाही. आणि मोटर चालू असताना दरवाजा हाताने दाबून बंद करू नका, त्याने गिअरवर लोड येतो.