डोक्याला हात लावलेला म्हातारा

काल गावच्या ग्रुपवर पुन्हा तोच फोटो. भेगाळलेलं वावर, धुऱ्यावर बसलेला म्हातारा, डोक्याला हात. खाली ओळ : 'यंदाच्या नापिकीचं भयाण वास्तव'. म्हातारा म्हणजे आमचे मोठेबाबा. आणि यंदा आमची पऱ्हाटी सडली ती पाण्यानं!

फोटो सहा-सात वर्षांपूर्वीचा, एप्रिलमधला. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळतेच, पीक चांगलं आलं तरी. फोटोवाल्यानं मोठ्याईला बाजूला व्हायला लावलं आणि म्हणाला, "बाबा, जरा डोक्याला हात लावा." तो गेल्यावर मोठेबाबा मला म्हणाले, "मी कधी डोक्याले हात लावून बसलो रे? बसाले टाइम तरी कुठी होता?"

लोक म्हणतात, हे मोबाइलनं बिघडवलं. कशाचं! 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या सचित्र साप्ताहिकाचा पहिला अंक १४ मे १८४२ चा. हॅम्बुर्ग शहर नुकतंच जळालं होतं, तिथं चित्रकार पाठवायला वेळ नव्हता. मग ब्रिटिश म्युझियममधलं शहराचं जुनं चित्र घेतलं, वर ज्वाळा चढवल्या, लाकडी ठशात कोरलं आणि छापलं. लाकडी ठसा अक्षरांच्या खिळ्यांसोबतच छापता येतो, म्हणून बातमी आणि चित्र एकाच पानावर. पुढं पुढं मोठ्या चित्राचा ठसा तुकड्यातुकड्यांनी कारागिरांना वाटून देत आणि नंतर बोल्टनं जोडत. घाई तेव्हाही होतीच.

त्याहून पक्का माणूस पॉल रिव्हीअर, अमेरिकेतल्या बोस्टनचा चांदीकाम करणारा. ५ मार्च १७७० च्या रात्री तिथं इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं मेली. रस्त्यावर बर्फ होता, जमावाकडून बर्फाचे गोळे आणि काठ्याही चालल्या होत्या. रिव्हीअरनं छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात मात्र शिपाई शिस्तीत रांगेत, मागं तलवार उगारून हुकूम देणारा कॅप्टन, समोर निःशस्त्र सभ्य माणसं, आणि कस्टम कचेरीवर चक्क 'कसाईखाना' अशी पाटी. रंगवलेल्या प्रतींत वर निळं आकाश! चित्र तरी स्वतःचं होतं का? तेही हेन्री पेलम या बोस्टनच्याच चित्रकाराचं उचललेलं. काही आठवड्यांत ते विकायलाही आलं. खटले उभे राहिले महिने उलटल्यावर. कॅप्टन सुटला, आठ शिपायांपैकी सहा सुटले, दोघांवर फक्त सदोष मनुष्यवधाचा ठपका. त्यांचा वकील जॉन ॲडम्स, पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तोच. निकाल किती जणांना ठाऊक आहे? चित्र मात्र आजही फिरतंय.

मला रिव्हीअरचा पुरता राग येत नाही, हे कबूल करतो. माणसं खरंच मेली होती. मोठेबाबांवरचं कर्जही खरंच होतं. पण त्या कर्जासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवल्या मोठ्याईनं, आणि फोटोत तीच नाही. एक बसका म्हातारा म्हणजे शेतकरी, हे एकदा ठरलं की कापूस वेचणारी बाई कुणाला दिसतच नाही.

ग्रुपवर लिहिलं, फोटो जुना आहे, यंदा पाणी लागलं. तीन अंगठे आले. एकानं लिहिलं, "भावना समजून घे ना."

संध्याकाळी मोठेबाबांना मोबाइल दाखवला. चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "यंदाचा काढाचा असन तं गुडघाभर चिखलात उभं राहा लागन. इथं धुऱ्यावर कोन बसते?"