परवाना आमच्याकडे, बडबड सगळ्यांची

या मुंबईत नियम पाळणाऱ्यानेच का मरायचं, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगा.

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवर बोलण्याचा, परवाना हवा म्हणून रीतसर परीक्षा दिली. ओहमचा नियम, अँटेनाची लांबी, क्यू कोड म्हणजे रेडिओवरचे ठरलेले संक्षेप, सगळं घोकलं. वर परवान्याची जनरल ग्रेड हवी तर मोर्स, ती टिंब-रेघांची भाषा, मिनिटाला ८ शब्द! लोकलमध्ये कानात डिड-डाह लावून बोटाने मांडीवर ठोकत बसायचो, शेजारचा संशयाने बघायचा. पास झालो. मग फॉर्म, फोटो, पत्त्याचा पुरावा, चौकशी. फोन केला की एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे". पावसाळा सरला, गणपती बसून उठले, दिवाळीचा फराळ संपला, तरी फाईल आपली प्रोसेसमध्येच. आणि शेवटी परवाना हातात पडेपर्यंत वायरलेस सेट नुसता जवळ बाळगणंही बेकायदा, म्हणून मी कपाटात साधी वायरसुद्धा आणून ठेवली नाही.

आता लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा. काउंटरवर चिनी वॉकीटॉकी मांडलेले. विचारलं, "याला लायसन्स लागतं ना?" तर दुकानदार म्हणतो, "साहेब, मंडळवाले नेतात, सिक्युरिटीवाले नेतात, कोण विचारतं?"

खरंच, कोण विचारतं! १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा हौशी रेडिओचा पट्टा. तिथे परवा कुणा केटररचा माणूस बोंबलत होता, "अरे पनीर संपलं, दुसऱ्या काउंटरवरून आण!" कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारं रेडिओवरचं नाव, नाही, काही नाही. मी धंद्याचं एक वाक्य बोललो तर माझा परवाना जाईल, हा अख्खं लग्न चालवतोय. त्याला टोकावं म्हटलं, तर विनापरवाना माणसाशी बोलणं मलाच नियमात बसत नाही!

बरं, यांना हे सेट लागतातच कशाला? ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या, मान्यताप्राप्त सेटसाठी २०१८ पासून परवानामुक्त आहे. गेटवरून बी विंगला "टेम्पो सोडला" सांगायला तेवढं रग्गड झालं. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या, फ्रिक्वेन्सी आणि मान्यता स्पष्ट लिहा म्हणून मार्गदर्शक तत्त्वंही आणली. चांगलं केलं. पण या काउंटरवर ते वाचणार कोण? मंडळाच्या पोरांवर तरी किती चिडू, त्यांना विकताना कुणी सांगतच नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मोबाइल गप्प झाले. असल्या दिवसासाठी हे हौशी रेडिओचे पट्टे मोकळे ठेवायचे असतात, पनीरसाठी नव्हे.

आणि मी? ट्रेकला दोन सेट नेले तरी दुसरा बायकोच्या हातात देऊ शकत नाही, तिचा परवाना नाही ना. म्हटलं, तूही परीक्षेला बस. ती म्हणते, "त्यापेक्षा लॅमिंग्टन रोडला जाऊन येते, तासाभरात काम होईल."