मामा, ते 550 रद्द करा

मामांचं पाटणला घर चाललंय. प्लिंथ झाली, आता कॉलमचं लोखंड यायचंय. परवा रात्री त्यांनी एक फॉरवर्ड पाठवला, ‘लोखंड घेताना फसू नका’, आणि खाली स्वतःची ओळ: ‘तू दिवसभर काय करतोस ते यात आलं बघ.’ मी जालन्यात रोलिंग मिलच्या लॅबमध्ये मटेरियल इंजिनियर आहे. मी वाचेपर्यंत मामांनी दुकानदाराला 500डी ग्रेडच्या सळईऐवजी (‘डी’ म्हणजे तुटण्याआधी जास्त लांबणारी) साधी 550 सांगूनही टाकली होती.

कारण फॉरवर्ड म्हणतो, नंबर मोठा तेवढी सळई मजबूत, आणि ‘जी वाकत नाही तीच भूकंपात टिकते’. हे कोयनेच्या शेजारी, जिथे 1967 अजून कोणी विसरलेलं नाही!

550 म्हणजे किती ताणाला सळई कायमची लांबायला लागते तो आकडा. भूकंपात खरा प्रश्न त्यापुढचा: तिथून तुटेपर्यंत ती लांबते किती? लांबली तर कॉलमला भेगा पडतात, पण माणसं बाहेर पडायला वेळ मिळतो. तुटली तर विषय संपला.

आमच्याकडे 12 एमएमच्या सळईवर 60 मिलिमीटर अंतराने दोन खुणा ठोकतात आणि ती मशीनच्या जबड्यात धरून ओढतात. मध्येच तिची कंबर बारीक होते, मग धाडकन आवाज. दोन्ही तुकडे जुळवून खुणांमधलं अंतर पुन्हा मोजायचं. सळईचं भारतीय मानक आय.एस. 1786, त्याप्रमाणे साध्या 550 ला 10 टक्के वाढ पुरते, म्हणजे 66 मिलिमीटरला पास. 500डी ला 16 टक्के, म्हणजे 69.6 लागतात. 69 भरलं तर तो माल 500डी म्हणून जात नाही, गेटवर ट्रक ताटकळत असला तरी. भूकंपाचं आय.एस. 13920 साडेचौदा टक्क्यांहून जास्त मागतं. फॉरवर्डमध्ये ‘डी’ हे अक्षरच नाही!

त्याहून भयंकर सल्ला: ‘वाकत नसेल तर गॅसने लाल करून वाकवा.’ अहो, टीएमटी सळई मिलमधून लालबुंद निघते ती पाण्याच्या झोतातून जाते. कातडी कडक होते, गाभा मऊ राहतो. तुकडा कापून, घासून त्यावर नायटल, म्हणजे पातळ केलेलं ॲसिड, लावलं की काठाला गडद कडं उमटतं. सळईची ताकद त्या कड्यात. गॅस लावलात की तेवढ्या जागी ते गेलं.

गंज? नुसता तांबूस थर असेल तर चालतो, पापुद्रे सुटत असतील तर माल परत पाठवा. ‘चुंबक लावून बघा’ म्हणे! चुंबक कुठल्याही फालतू सळईलाही चिकटतं, पुढे चला. वजन करून घ्या म्हणतात ते मात्र बरोबर आहे, मानावं लागेल: 12 एमएमचा मीटरभर तुकडा 888 ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे.

आणि शेवटी, ‘इंजिनियर फक्त सर्टिफिकेटवर सही मारतो’. मारतो ना. त्याआधी भट्टीतल्या नमुन्याचा फॉस्फरस बघतो, तो जास्त झाला की सळई ठिसूळ होते. 500डी ला 0.040 टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि भंगारातून आलेला फॉस्फरस इंडक्शन भट्टीत सहजी निघतही नाही. मग तो माल बाजूला काढायचा आणि वरच्यांच्या शिव्या खायच्या.

दुकानदाराला मीच फोन केला. 500डी येतेय. बंडलच्या टॅगवरचा हीट नंबर (भट्टीच्या कुठल्या घाणीचा माल तो नंबर) सर्टिफिकेटशी जुळवून घ्या म्हणून मामांना सांगितलंय. ते हो म्हणाले. चुंबक मात्र आणून ठेवलंय.