फळीवर रद्दी पेपर की मॅट? एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

स्वयंपाकघरातल्या फळ्या आणि ड्रॉवरमध्ये खाली काय घालावं, या माझ्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला पटेना, म्हणून सविस्तर लिहिते. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमच्या आईने आयुष्यभर फडताळात रद्दी पेपर घातला, कुणी आजारी पडलं नाही. पेपर फुकट मिळतो, मळला की टाकता येतो, शाईच्या वासाने झुरळं फिरकत नाहीत. मग पैसे घालून प्लास्टिकच्या मॅटचे रोल का आणायचे, आणि उद्या ते कचऱ्यात गेले की त्याचं काय? शेवटी तुम्ही विचारलंत की भिंतीतल्या कपाटाच्या फळ्यांना लावलेला चिकट कागद उचकटतोय, तो कसा काढायचा.

प्लास्टिकबद्दलची तुमची काळजी मलाही तितकीच वाटते. आणि पेपरची घडी घालून कडा कातरायच्या, ती झालर फळीच्या पुढे सोडायची, दिवाळीच्या साफसफाईत सगळे पेपर बदलायचे, हे करणाऱ्या बायका घर फार निगुतीने ठेवत. माझा आक्षेप त्या सवयीवर नाही. पेपर कशाखाली घातला आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

वर्तमानपत्राची शाई रंगासारखी सुकून कडक होत नाही. ती तेलकट असते आणि कागदात शोषली जाऊन तिथेच राहते, म्हणून तर सकाळी पेपर वाचून झाला की बोटं काळी होतात. तूरडाळीचा बंद डबा त्या कागदावर वर्षभर बसला तरी आतल्या डाळीला काही होत नाही. त्या बाबतीत तुमच्या आईचा अनुभव अगदी खरा आहे. पण आपण पेले आणि वाट्या पालथ्या घालतो. म्हणजे जी कड ओठाला लागते तीच कागदाला टेकते, आणि बहुतेक वेळा ती थोडी ओली असते. पोळपाट फळीवर आडवा ठेवतो, त्याला पिठाचा आणि तेलाचा हात लागलेला असतो. तेल लागलं की ही शाई आणखी सहज सुटते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१६च्या डिसेंबरमध्ये वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं सांगितलं, २०१८च्या पॅकेजिंग नियमावलीत ती बंदी आली, आणि २०२३मध्ये विक्रेत्यांना पुन्हा आठवण करून द्यावी लागली. हा नियम वडापाव बांधून देणाऱ्याला आहे, तुमच्या फळीला नाही, हे मान्य. पण त्यामागचं कारण पालथ्या वाटीलाही लागू पडतं. म्हणून पेपर घालायचाच असेल तर डब्यांच्या, बरण्यांच्या, न लागणाऱ्या मोठ्या पातेल्यांच्या फळीवर घाला. चमचे, पेले, वाट्या, ताटल्या, पोळपाट यांच्याखाली नको.

दुसरं कारण ओलीचं. वर्तमानपत्राचा कागद हलका आणि सच्छिद्र असतो, हवेतला दमट ओलावा तो पटकन ओढून घेतो. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर कपाटातली हवा कोरडी होतच नाही, त्यामुळे कागद खालून ओलसर राहतो, बुरशीचा वास धरतो. कोऱ्या खाकी कागदाने शाईचा प्रश्न सुटतो, ओलीचा सुटत नाही. सोलापूर-लातूरकडच्या कोरड्या हवेत पेपर जितका चालतो तितका रत्नागिरीत चालणार नाही.

शाईच्या वासाने झुरळं येत नाहीत, हे मात्र खरं नाही. ट्रॉल्यांमध्ये दिसणारं लहान तपकिरी झुरळ, ज्याला जर्मन झुरळ म्हणतात, त्याला अंगाला वरून-खालून काहीतरी टेकेल अशी चिंचोळी फट आवडते. एकावर एक घातलेले पेपर म्हणजे नेमकी तशी फट. मादीच्या अंड्यांच्या एका पिशवीत साधारण ३० ते ४० अंडी असतात, त्यामुळे एक मादी आत शिरली तरी पुरते. कसर, म्हणजे पुस्तकांना लागणारी कीड, तर कागद आणि खळ खाऊनच जगते. हा दोष मॅटलाही लागतो, ते झाकून ठेवणार नाही. कोपऱ्यात दुमडलेली, महिनोन्महिने न उचललेली मॅट पेपरइतकीच वाईट. म्हणून मॅट फळीच्या मापात कापायची, कडा वर चढू द्यायच्या नाहीत, दोन तुकडे एकमेकांवर घालायचे नाहीत.

आता पैशांचं. निम्म्याहून जास्त जागी काहीच घालायची गरज नसते. कडप्पाच्या फळीवर डबे ठेवायचे असतील तर पॉलिश केलेला कडप्पा ओल्या फडक्याने पुसता येतो, तोच पुरेसा आहे. फक्त लिंबू, चिंच, व्हिनेगर त्यावर सांडू देऊ नका, तो चुनखडीचा दगड आहे, आंबटाने त्याची चकाकी जाते. स्टीलच्या तारेच्या ट्रॉलीत ताटं-वाट्या ओल्याच जातात, पाणी खाली निथळावं म्हणूनच ती जाळी असते. तिथे मॅट घालणं म्हणजे पाणी अडवून ठेवणं.

मॅट लागते ती प्लायवुडच्या किंवा पार्टिकल बोर्डाच्या तळाच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर ओढला की काचेच्या बरण्या सरकतात, एकमेकींवर आपटतात, आणि सनमायकाच्या कडेतून पाणी किंवा तेल आत गेलं की बोर्ड फुगतो. फुगलेला पार्टिकल बोर्ड पुन्हा बसत नाही. मॅट दोन प्रकारच्या प्लास्टिकची मिळते, ईव्हीए आणि पीव्हीसी. इथे मी ईव्हीएची मॅट घ्या म्हणते, पीव्हीसीची नाही. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ करायला त्यात जी द्रव्यं मिसळतात ती हळूहळू बाहेर येतात, उग्र वास येतो, आणि खालच्या रंगाला किंवा वरच्या प्लास्टिकच्या डब्याला मॅट चिकटून बसते. ईव्हीए जात्याच मऊ आहे. वेष्टनावर त्रिकोणात ३ हा आकडा असेल तर ते पीव्हीसी. बारीक भोकांची जाळीदार मॅट स्वस्त मिळते, पण रवा-साखर भोकांतून खाली जाते आणि मुंग्या लागतात. मसाल्याच्या ड्रॉवरमध्ये तर ती नकोच. सपाट मॅटवर हळद सांडून पिवळा डाग पडला तर साबणाने धुऊन उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. गॅसवरून उतरवलेली कढई मात्र ईव्हीएवर ठेवू नका, ते शंभर अंशांच्या आतच मऊ पडतं.

प्लास्टिक अजिबात नको असेल तर त्यालाही वाट आहे. तेलाची बरणी, तुपाचं भांडं, गुळाचा डबा यांच्याखाली स्टीलची जुनी ताटली ठेवा. तेलाचे ओघळ फळीवर वाळले की त्यांचा चिवट थर होतो आणि तो खरवडूनच काढावा लागतो. ताटली रोजच्या भांड्यांबरोबर घासून निघते. काचेचे कप आणि क्रॉकरीच्या कोरड्या ड्रॉवरला जुन्या सुती चादरीचा दुपदरी तुकडा उत्तम, कप वाजत नाहीत आणि कापड धुता येतं. पावसाळ्यात तेवढं ते काढून ठेवा. सिंकखालच्या कपाटात कागद, कापड काहीच नको, तिथे उभ्या कडेचा स्टीलचा ट्रे ठेवा म्हणजे पाइप ठिबकला तर लगेच दिसेल.

राहिला तुमचा चिकट कागद. तो पुन्हा चिकटवत बसू नका, उचकटलेल्या जागी आता धूळ आणि ओल गेली आहे. केस वाळवायच्या ड्रायरने एक कोपरा गरम करा, आणि कागद सरळ वर न ओढता फळीलगत मागे दुमडत सावकाश सोडवा. पुढचा भाग पुन्हा गरम करायचा, पुन्हा ओढायचा. सनमायकाच्या फळीवर जो गोंद उरेल त्यावर खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा, मग प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने खरवडा आणि भांड्याच्या साबणाने धुऊन पुसा. फळी कडप्पाची असेल तर तेल लावू नका, डाग मुरेल. गरम पाण्यात साबण घालून त्यात भिजवलेलं फडकं गोंदावर पसरून ठेवा आणि नंतर चोळून काढा. फळी पूर्ण वाळायला रात्रभर कपाटाची दारं उघडी ठेवा, त्याआधी डबे परत मांडू नका.